नागपुरात खोली बघायची तर रात्री दहानंतर

आम्ही दारव्ह्याचे. लेकीला नागपुरात नोकरी लागली. दलालानं खोल्या दाखवल्या भर दुपारी. मे महिन्याच्या दुपारी नागपूरची कुठलीही गल्ली शांतच असते! मी म्हटलं, रात्री दहानंतर पुन्हा येतो.

2000 सालच्या ध्वनिनियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे. शेजारी लग्नाचं लॉन असेल तर ती कागदावरच राहते. म्हणून आधी लॉन कुठं आहे ते पाहावं.

प्रतापनगर, लक्ष्मीनगरकडचे जुने ले-आउट मला आवडले. अंगणात कडुनिंब, फाटकाशी बोलत उभ्या बाया, कोपऱ्यावर पिठाची चक्की. चक्की चालते म्हणजे लोक घरी पोळ्या करतात, वर्षानुवर्षं राहतात. हा माझा आपला हिशोब.

पण नुसती शांतता पुरत नाही. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीसारख्या निवांत वस्त्यांतच पाणी शिरलं. तळमजला घेताना भिंतीवरचे डाग बघा, शेजाऱ्यांना विचारा. आणि भाडेकरार नोंदवूनच घ्या. 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी घरमालकावर आहे.