वेबसाइट गूगलवर नसते

"आमची वेबसाइट गूगलवर टाकून द्या, किती घ्याल?" ग्वाल्हेरच्या नया बाजारात वेबसाइटचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. कापडाच्या दुकानात ऐकू येतं, छापखान्यात ऐकू येतं, आणि घरातला इंजिनिअरिंग शिकणारा मुलगाही त्याला मान डोलावतो. जगातल्या सगळ्या वेबसाइट गूगलकडे असतात आणि गूगलला पैसे दिले की आपलीही तिथे लागते, अशी पक्की समजूत आहे. ही समजूत चूक आहे, आणि तिच्यापायी लोकांचे पैसे बुडतात.

वेबसाइट म्हणजे काही फायली: मजकुराच्या, फोटोंच्या, मांडणीच्या. त्या चोवीस तास चालू असलेल्या एका संगणकावर ठेवलेल्या असतात. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात आणि त्यावरची जागा भाड्याने घेण्याला होस्टिंग. सर्व्हरचा पत्ता आकड्यांचा असतो. तो कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून आपण एक नाव नोंदवतो, तेच डोमेन. नावावरून आकडे शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली.

तुम्ही ब्राउझरमध्ये दुकानाचं नाव आणि पुढे डॉट इन टाइप केलंत की फोन आधी पत्ता विचारतो. चौकशी मूळ सर्व्हरपासून सुरू होते, तिथून डॉट इनच्या नोंदणीकडे जाते आणि शेवटी तुमच्या डोमेनची माहिती ठेवणाऱ्या सर्व्हरकडे. आकडे मिळाले की फोन थेट तुमच्या सर्व्हरकडून फायली मागवतो. सगळं क्षणार्धात होतं, आणि यात गूगलच्या शोधाचा कुठेही संबंध येत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना १९८९ मध्ये मांडली, सर्न या संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी ती सर्वांना मोफत खुली केली. गूगल कंपनी स्थापन झाली १९९८ मध्ये. तोवर वेबसाइट काय हवेत लटकत होत्या?

गूगल वेबसाइट वाचत फिरतं, त्यांची सूची ठेवतं आणि विचारणाऱ्याला वाट दाखवतं. महाराज बाड्याच्या चौकात उभा राहून नया बाजारचा रस्ता सांगणारा माणूस काही तिथल्या दुकानांचा मालक होत नाही.

पटत नसेल तर ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवा. रात्री नऊनंतर फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडलं. देखभालीच्या कामात झालेल्या चुकीमुळे त्यांच्या नेटवर्ककडे जाणारे मार्ग आणि पत्ता सांगणारे सर्व्हर बाकीच्या इंटरनेटला दिसेनासे झाले. गूगल त्या रात्री व्यवस्थित चालू होतं, तरी ते कोणालाही फेसबुकवर पोहोचवू शकलं नाही.

आता पैशाची गोष्ट. गूगलने काही वर्षं दुकानदारांना आपल्या बिझनेस प्रोफाइलमधून फुकट छोटी वेबसाइट करू दिली. अनेकांनी तो पत्ता कार्डावर छापला, पाटीवर रंगवला. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या वेबसाइट बंद केल्या. जून २०२४ पर्यंत जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला प्रोफाइलकडे वळवलं गेलं, नंतर तेही थांबलं. नाव गूगलचं होतं, त्यामुळे दुकानदाराला ते दुसरीकडे नेता आलं नाही. स्वतःचं डोमेन असतं तर ते दुसऱ्या होस्टिंगकडे वळवता आलं असतं आणि पाटी तशीच राहिली असती. बिझनेस प्रोफाइल ठेवा, नकाशावर दुकान दिसणं फायद्याचंच आहे. पण त्याला वेबसाइट म्हणू नका.

"पैसे द्या, गूगलच्या पहिल्या पानावर आणतो" असं सांगत येणाऱ्यांना तर सरळ दाराबाहेरची वाट दाखवावी. जाहिरात विकत मिळते आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. बाकीच्या निकालांत वरचा क्रमांक देण्यासाठी आम्ही पैसे घेत नाही, हे गूगलने स्वतःच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

आणि हे सगळं फार अवघड असतं, असंही नाही. संगणकावर नोटपॅड उघडा. एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेतल्या, टोकदार कंसांच्या खुणांमध्ये दुकानाचं नाव, वेळ आणि दोन ओळी लिहा. फाइल सेव्ह करताना नावापुढे डॉट एचटीएमएल लावा, एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा आणि तसं सांगणारी एक ओळ फाइलच्या सुरुवातीलाही घाला, नाहीतर देवनागरीच्या जागी विचित्र चिन्हं दिसू शकतात. आता वायफाय बंद करून ती फाइल ब्राउझरमध्ये उघडा. पान दिसतं! इंटरनेट नाही, गूगल नाही, तरी पान समोर आहे. हीच फाइल सर्व्हरवर ठेवली आणि डोमेन तिकडे वळवलं की झाली वेबसाइट. गिटहब पेजेससारख्या सेवा अशा साध्या पानांना फुकट जागा देतात.

देवनागरी वेबसाइटला खास फॉन्ट विकत घ्यावा लागतो, हा आणखी एक गैरसमज. छापखान्यातून आलेला मजकूर बहुधा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो तसाच चिकटवला तर निरर्थक इंग्रजी अक्षरं उमटतात. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, त्यातच टाइप करा. पत्ताही देवनागरीत चालतो: डॉट भारत डोमेन ऑगस्ट २०१४ पासून मिळतं.

इंटरनेट उपग्रहावरून येतं? हाही गैरसमजच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या माहितीनुसार देशादेशांमधली सुमारे ९९ टक्के इंटरनेट वाहतूक समुद्राखालच्या केबलमधून होते. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातलं इंटरनेट मंदावलं होतं.

पत्त्याजवळ कुलपाचं चिन्ह, म्हणजे साइट विश्वासार्ह? नाही. वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढंच ते सांगतं. फसवणाऱ्यालाही ते प्रमाणपत्र फुकट मिळतं.

डोमेन एकदा घेतलं की कायमचं? तेही नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदवता येतं, मग नूतनीकरण. मुदत चुकवलीत तर पुढे दुसरा कोणीही ते घेऊ शकतो.

म्हणून वेबसाइट करून घेताना रंग आणि फोटो नंतर बघा. डोमेनची नोंदणी तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर आहे का, त्या खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का, हे आधी विचारा. उत्तर टाळलं गेलं तर काम दुसऱ्याला द्या.