रिॲक्टचा पहिला धडा केळीच्या भावावर

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीचा भाव रोज बदलतो. नवती, पिलबाग, वापसी असे मालाचे प्रकार आणि प्रत्येकाचा क्विंटलमागे दर वेगळा. हे दर व्हॉट्सॲपच्या गटांमधून फिरत फिरत शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतात आणि तो मनातल्या मनात हिशेब मांडू लागतो. एका शेतातून पस्तीस क्विंटल निघतील, दुसऱ्यातून चाळीस, मग आजच्या भावाने हातात किती पडतील? कापणी उद्याच करावी की दोन दिवस थांबावे?

हा हिशेब एका साध्या वेब-पानावर मांडता येतो. रिॲक्ट शिकू पाहणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्याला याहून चांगला पहिला सराव शोधूनही सापडणार नाही. रिॲक्ट ही जावास्क्रिप्ट भाषेतली, वेब-पानांचा दर्शनी भाग घडवणारी लायब्ररी, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या कोडचा संच. दुकानातल्या संगणकावर उघडलेले व्हॉट्सॲप वेब किंवा ब्राउझरमधले इन्स्टाग्राम ज्याने पाहिले, त्याने रिॲक्टचे काम पाहिलेले आहे.

खानदेशात हे शिकणाऱ्यांची वाण नाही. १९९० साली स्थापन झालेले आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण केलेले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, बांभोरीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शिरपूरचे आर. सी. पटेल तंत्रशास्त्र महाविद्यालय, धुळ्यातली महाविद्यालये, शिवाय तालुक्या-तालुक्यांतले बीसीए, बीएस्सीचे वर्ग. यातली कितीतरी मुले पदवी हातात पडताच पुण्याची गाडी पकडतात, आणि तिथल्या मुलाखतीत रिॲक्ट येते का, हा प्रश्न हमखास येतो. म्हणून घाई होते. जावास्क्रिप्टचा पाया कच्चा ठेवून थेट रिॲक्टच्या वर्गाला पैसे भरले जातात. ही घाई महागात पडते, कारण पहिल्या महिन्यात ज्या अडचणी येतात त्यातल्या निम्म्याहून अधिक रिॲक्टच्या नसतातच, त्या जावास्क्रिप्टच्या असतात.

जावास्क्रिप्टचा जन्म १९९५ चा. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचे पहिले रूप दहा दिवसांत तयार केले. वेब-पानाचा सांगाडा एचटीएमएल देते, रंगरूप सीएसएस देते आणि पानात हालचाल आणण्याचे काम जावास्क्रिप्ट करते. पाने लहान होती तोवर हे पुरत होते. पुढे पाने मोठी झाली, एकच माहिती पानावर चार ठिकाणी दिसू लागली आणि गोंधळ सुरू झाला. फेसबुकच्या अभियंत्यांनी सांगितलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे: न वाचलेल्या संदेशांचा आकडा वर दिसायचा, आत जाऊन पाहावे तर नवा संदेश नसायचा. चूक दुरुस्त केली तरी काही दिवसांनी ती पुन्हा डोके वर काढायची. माहिती एकीकडे बदलत होती आणि पडद्यावरचे आकडे बदलण्याची आज्ञा प्रत्येक ठिकाणी वेगळी लिहावी लागत होती. एखादी आज्ञा राहिली की पडदा खोटे बोलू लागे.

फेसबुकमधल्याच जॉर्डन वॉक यांनी अशा गोंधळावर उपाय म्हणून रिॲक्ट लिहिले. २०११ मध्ये ते फेसबुकच्या न्यूज फीडमध्ये वापरले गेले, २०१२ मध्ये इन्स्टाग्रामवर आले आणि मे २०१३ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्या वेळी अनेक जाणकारांनी नाके मुरडली. जावास्क्रिप्टच्या आतच एचटीएमएलसारखा मजकूर लिहायचा, हे त्यांना अब्रह्मण्यम् वाटले. आज ती पद्धत सर्रास रूढ आहे. २०१७ मध्ये परवान्यातल्या पेटंटविषयक अटींवरून वाद झाला, तेव्हा रिॲक्ट एमआयटी परवान्याखाली आणले गेले, म्हणून आज कोणीही ते फुकट आणि निर्धास्तपणे वापरू शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचा कारभार लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालच्या स्वतंत्र संस्थेकडे सोपवण्याची घोषणा झाली.

रिॲक्टची मूळ कल्पना एका वाक्यात मावते. पडदा कसा बदलायचा हे सांगायचे नाही; माहिती अमुक असेल तेव्हा पडदा कसा दिसावा एवढेच सांगायचे. भाव १८०० असेल तर इथे १८०० दिसावे आणि त्याच्या हिशेबाने खाली एकूण रक्कम दिसावी, इतके लिहिले की आपले काम संपले. उद्या भाव १८५० झाला तर जुने आणि नवे चित्र ताडून पाहणे, नेमका फरक शोधणे आणि ब्राउझरमध्ये तेवढाच बदल करणे, हे सगळे रिॲक्ट करते. भावफलक लिहिणारा माणूस रोज सकाळी सगळा फळा पुसत नाही, बदललेला आकडा तेवढा पुसून नवा लिहितो, तसेच हे.

सुरुवातीला लागणारे सामान सगळे फुकट आहे: नोड नावाची प्रणाली, व्हीएस कोडसारखा संपादक आणि ब्राउझर. टर्मिनलमध्ये ‘एनपीएम क्रिएट वीट’ ही आज्ञा दिली की काही प्रश्न विचारले जातात. त्यात रिॲक्ट आणि जावास्क्रिप्ट निवडले की कोऱ्या प्रकल्पाचे फोल्डर तयार. पुढच्या दोन-तीन आज्ञांनी तो प्रकल्प आपल्याच संगणकावर चालू होतो आणि ब्राउझरमध्ये पान उघडते. संपादकात एक शब्द बदलून फाइल जतन केली की पान आपोआप बदलते. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला फार हुरूप येतो.

आता केळीकडे. भावाची एक ओळ, म्हणजे बाजाराचे नाव, मालाचा प्रकार आणि दर, हा झाला एक कॉम्पोनंट. जावास्क्रिप्टच्या भाषेत ते एक साधे फंक्शन असते. आत माहिती घेते आणि पडद्यावर काय दिसावे ते परत करते. बाहेरून येणाऱ्या या माहितीला प्रॉप्स म्हणतात. ओळ एकदाच लिहायची. रावेर, यावल, चोपडा ही नावे आणि त्यांचे दर वेगवेगळे पुरवले की तीन ओळी उभ्या राहतात. उद्या ओळीला नवा रंग द्यायचा झाला तर बदल एकाच ठिकाणी करावा लागतो.

यानंतर येते स्टेट, म्हणजे पानाने लक्षात ठेवायची आणि वापरणाऱ्याच्या हाताने बदलणारी माहिती. शेतकरी चौकटीत किती क्विंटल लिहितो, ते स्टेटमध्ये राहील. नवशिका इथे एक चूक हमखास करतो: वजनासाठी एक स्टेट करतो आणि एकूण रकमेसाठी दुसरे. मग वजन बदलते आणि रक्कम जुनीच राहते. रक्कम साठवायची गरजच नाही. वजन आणि भाव हाताशी असताना गुणाकार दर वेळी नव्याने करावा. ज्याचा हिशेब काढता येतो ते साठवू नये, हा रिॲक्टमधला सर्वात उपयोगी नियम म्हणावा लागेल.

खरी गंमत आकड्यांत आहे. पहिल्या शेताच्या चौकटीत ३५ लिहिले, दुसऱ्याच्या चौकटीत ४०, आणि दोन्ही अधिक चिन्हाने जोडले तर उत्तर ७५ येत नाही, ३५४० येते. चौकटीतून आलेला आकडा जावास्क्रिप्टच्या लेखी मजकूर असतो आणि अधिक चिन्ह मजकुराला मजकूर चिकटवते. म्हणून आधी त्याचे संख्येत रूपांतर करावे लागते. त्यापुढची अडचण इंग्रजी धड्यांत सहसा भेटत नाही. शेतकऱ्याने मराठी कळफलकावरून देवनागरी ३५ लिहिले, तर जावास्क्रिप्टचे रूपांतर फसते आणि ‘नॅन’, म्हणजे ही संख्या नव्हे, असे उत्तर मिळते. इंग्रजी अंक तिला कळतात, देवनागरी कळत नाहीत. उपाय सोपा आहे: शून्यापासून नऊपर्यंतचा प्रत्येक देवनागरी अंक इंग्रजी अंकात बदलणारे चार-पाच ओळींचे फंक्शन लिहायचे. उलट दिशेने मात्र भाषेतच सोय आहे. ‘इंटल नंबरफॉरमॅट’ या तयार सुविधेला मराठी-भारत अशी खूण दिली की ७५ क्विंटलचे १८०० च्या भावाने होणारे पैसे पडद्यावर नीट १,३५,००० असे उमटतात. अंक देवनागरी आणि स्वल्पविराम आपल्या लाख-हजाराच्या हिशेबाने. ज्या पानावर आकडे आपल्या वळणाचे दिसतात, ते पान वापरायला वडीलधारी माणसेही कचरत नाहीत.

यादी करताना प्रत्येक ओळीला ‘की’ नावाची ओळखखूण द्यावी लागते. ओळीचा क्रमांकच खूण म्हणून दिला तर सुरुवातीला सगळे ठीक चालते. मग एखादा भावाच्या चढत्या क्रमाने यादी लावतो आणि रावेरच्या ओळीत लिहिलेले वजन चोपड्याच्या ओळीत दिसू लागते. नाव सरकले, चौकट जागेवरच राहिली. बाजार आणि मालाचा प्रकार मिळून खूण केली की हा घोळ होत नाही. यादीत नवी ओळ घालताना जुन्या यादीत थेट भर घातली तर पडदा बदलत नाही, कारण यादी तीच असल्याने काही बदलले असे रिॲक्टला वाटतच नाही. नवी यादी तयार करून द्यावी लागते.

भाव हाताने भरून झाले की खरे भाव आणायची इच्छा होतेच. केंद्र सरकारच्या ‘डेटा डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावर देशभरातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव ॲगमार्कनेटच्या नोंदींमधून मिळतात आणि नोंदणी केल्यावर ते प्रोग्राममधूनही मागवता येतात. इथे ‘यूज-इफेक्ट’ची, म्हणजे पान दिसल्यावर बाहेरचे काम करून घेणाऱ्या सुविधेची, ओळख होते. सरावाच्या काळात तेच मागणे दोनदा गेलेले दिसेल. त्याने घाबरून जाऊ नये. चुका लवकर उघड व्हाव्यात म्हणून रिॲक्ट सरावात मुद्दाम तसे करते. नोंदणीनंतर मिळणारी गुप्त किल्ली मात्र ब्राउझरच्या कोडमध्ये कधीही ठेवू नये, तिथे ती कोणालाही वाचता येते.

ज्याला शेतीत रस नाही त्याने धुळ्याकडे पाहावे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ मध्ये तिथेच उभे राहिले. नानासाहेब देवांनी उभारलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखिते जपलेली आहेत. अशा संग्रहातल्या किंवा जळगावच्या व. वा. वाचनालयातल्या पंधरा-वीस ग्रंथांची नावे टिपून घ्यावीत आणि शोधता येणारी यादी करावी. मराठी शोधातली एक खोच लगेच हाती लागते. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकसंध, किंवा ‘र’ आणि नुक्ता जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, तुलना करताना मात्र वेगळे ठरतात आणि समोर असलेले पुस्तक ‘सापडले नाही’ म्हणून सांगितले जाते. शोधण्याआधी दोन्ही बाजूंचा मजकूर ‘नॉर्मलाइझ’ या सुविधेने एकसारखा करून घेतला की पुस्तक सापडते.

शिकण्यासाठी रिॲक्टचे अधिकृत संकेतस्थळ सर्वोत्तम. मार्च २०२३ मध्ये ते नव्याने लिहिले गेले, फुकट आहे आणि प्रत्येक धड्यात पानावरच कोड बदलून पाहता येतो. इंग्रजी सोपी आहे. मराठी माध्यमातल्या मुलाला पहिले काही दिवस शब्दकोश जवळ ठेवावा लागेल, इतकेच. व्हिडिओ पाहायचे तर आधी त्यांची तारीख पाहावी. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘यूज-इफेक्ट’सारखे हुक्स आल्यापासून लिहिण्याची पद्धतच बदलली, आणि जुने व्हिडिओ ज्या ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ने सुरू होतात ते २०२५ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाले. एआयकडून कोड लिहून घेण्याचा मोह आज सर्वांना आहे. त्यात पाप नाही, पण ज्या ओळीचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही ती ओळ प्रकल्पात ठेवू नये. मुलाखतीत पहिले बोट नेमके तिच्यावरच पडते.

प्रत्येक पानाला रिॲक्ट लागतेच असेही नाही. एखाद्या दुकानाचा पत्ता, वेळा आणि चार फोटो एवढेच दाखवायचे असेल तर साधे एचटीएमएल पुरते, शिवाय सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज कमी असताना ते लवकर उघडते. माहिती सतत बदलते आणि वापरणारा पानाशी देवाणघेवाण करतो, तिथेच रिॲक्टचा उपयोग आहे.

जळगाव-धुळ्याच्या संगणक विभागांतल्या शिक्षकांना एक विनंती. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत हॉटेल बुकिंगची तीच ती नक्कल पुन्हा मागू नका. यंदा निदान एका गटाला केळीच्या भावाचे पान द्या, देवनागरी आकडे स्वीकारणारे आणि देवनागरीत उत्तर देणारे. ते ‘गिटहब पेजेस’वर फुकट ठेवता येते. त्याची लिंक रावेर-यावलच्या शेतकऱ्यांच्या गटात टाका आणि ते काय चुका काढतात ते मुलांना ऐकू द्या. गुण त्या दुरुस्त्या पाहून द्या.