उस्तादाची भाषा आणि ऐन वेळचे दडपण

आखाड्यात सरावाच्या वेळी जो मुलगा डाव लीलया मारतो, तोच दंगलीत हलगी वाजू लागली की गोंधळतो, हा अनुभव यवतमाळ जिल्ह्यातील उस्तादांना नवा नाही. त्याचे खापर आपण मुलाच्या भित्रेपणावर फोडतो. परंतु दोषाचा काही भाग शिकविणाऱ्याच्या भाषेकडे जातो, असे मानण्यास आधार आहे.

हा आधार पुरविला तो, गंमत म्हणजे, आपल्याकडे क्वचितच खेळल्या जाणाऱ्या गोल्फने. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रिचर्ड मास्टर्स यांनी नवशिक्यांना चेंडू हलकेच टोलवून खळगीत घालण्याचा सराव दिला. एका गटास तपशीलवार लेखी सूचना दिल्या. दुसऱ्यास सूचना नाहीतच. उलट टोलविताना तोंडाने वाटेल ती अक्षरे उच्चारावयास लावले, म्हणजे मनात नियमांची वाक्ये रचण्यास जागा उरू नये. पुढे पैशाचे आमिष व परीक्षकाची नजर यांचे दडपण येताच सूचनाधारी गटाची प्रगती थांबली. दुसऱ्याची चालू राहिली. या रीतीने शिकणे मंद होते, हेही खरे. पण भय वाटले की मन पाठ केलेली वाक्ये उकरून काढते आणि सलग हालचालीचे तुकडे पाडते, हा त्यातील मुद्दा महत्त्वाचा होय.

१९९९ साली गाब्रिएले वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, हातांच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा काठीच्या झोक्याकडे लक्ष देणाऱ्यांचा नेम अधिक अचूक लागतो. व्याकरणदृष्ट्या पाहता क्रियापद तेच. बदलले ते केवळ कर्म.

टेबल टेनिसवरील २००१ च्या एका अभ्यासात अनेक नियमांऐवजी काटकोन त्रिकोणाची एकच उपमा पुरली, आणि ती दडपणातही टिकली. आपल्या कुस्तीच्या परिभाषेने हे केव्हाच साधले आहे. ‘धोबीपछाड’ या एका शब्दात पाठीवर घेणे, वाकणे व आपटणे सामावते. ‘कंबर खाली, खांदा आत’ असे सांगावे लागत नाही. मात्र पूस नदीकाठी धोब्याचा दगड ज्याने कधी पाहिलाच नाही, त्या मुलास तो शब्द निव्वळ नाव ठरतो, आणि उस्ताद पुन्हा कंबर-खांद्याच्या सूचनांकडे वळतो. ‘मोळी’चे तसे झालेले नाही. गुडघा रोवून पऱ्हाट्यांचा भारा आवळताना इकडच्या मुलांनी घरच्या माणसांना अजून पाहिलेले असते.