एक्क्यांची जोडी हरते तेव्हा

ऑनलाइन पोकर नव्याने शिकू लागलेल्या मंडळींकडून एक तक्रार इतक्या वेळा आणि इतक्या निश्चयाने कानी येते की, तिचा परामर्श घेणे आता अपरिहार्य झाले आहे : संगणक म्हणे पत्ते लबाडीने वाटतो, एरवी हातातली एक्क्यांची जोडी अशी वारंवार कशी हरावी? ५२ पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या संभवतात. त्यांत एक्क्यांच्या अवघ्या ६, म्हणजे सरासरीने २२१ डावांत एकदा हे भाग्य लाभते. एकाच प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्याही हातासमोर ही जोडी सरासरीने शंभरांत सुमारे ८५ वेळा जिंकते, अर्थात १५ वेळा हरते. समोर आठजण शेवटपर्यंत टिकले, तर जिंकण्याचा संभव एकतृतीयांशाच्या आसपास उतरतो. प्रत्यक्ष टेबलाशी तासाला तीसेक डाव होतात, तेव्हा एक्के साधारण सात तासांतून एकदा येतात; पडद्यावर चार टेबले एकदम मांडून, प्रत्येकी साठेक डावांच्या वेगाने खेळणाऱ्याकडे ते तासातासाला येतात आणि त्यांचे पराभवही त्याच त्वरेने दृष्टीस पडतात. जिंकलेले ८५ डाव मात्र कोणाच्या स्मरणात राहत नाहीत! शिवाय, डाव कोणीही जिंको, चालकाची दस्तुरी पॉटमधून, म्हणजे डावावर लागलेल्या एकूण रकमेतून, वसूल होतेच. त्याने कोणाचा कैवार का घ्यावा?

लबाडी कधी झालीच नाही, असे नव्हे. १९९९ साली एका पोकर सॉफ्टवेअरची पत्ते पिसण्याची रीत इतकी सदोष निघाली की, संशोधकांनी पुढचे पत्ते आधीच ओळखून दाखवले. आणि २००७-०८ मध्ये ॲब्सोल्यूट पोकर व अल्टिमेटबेट या संकेतस्थळांवर आतल्या माणसांनी इतरांचे झाकलेले पत्ते पाहून पैसे लुबाडल्याचे उघडकीस आले. परंतु ही चोरी पत्ते पाहण्याची होती, वाटण्याची नव्हे. आणि ॲब्सोल्यूट पोकरची तर खेळाडूंनी डावांच्या नोंदी तपासूनच पकडली. तक्रारदारांनी निदान आपल्या डावांची तेवढी मोजदाद तरी करावी!

'दहादा फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) हुकला, आता लागेलच' हा समजही व्यर्थ. फ्लॉपनंतर, म्हणजे पहिले तीन सामाईक पत्ते उघडल्यावर, एका रंगाचे चार पत्ते जुळलेल्याला तो लागण्याचा संभव दर वेळी ३५ टक्केच. सतत ब्लफ मारणे म्हणजे पोकर, ही चित्रपटांची शिकवण. पण समोरच्याने पत्ते टाकले तरच ब्लफ साधतो, आणि नवख्यांच्या टेबलावर पत्ते टाकून देण्यास सहसा कोणी राजीच नसतो. ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून पोकरच्या जागतिक स्पर्धेत शिरून क्रिस मनीमेकरने २००३ साली २५ लाख डॉलर जिंकले, हे खरे. इतर ८३८ स्पर्धकांची कथा कोणी सांगत नाही.

'कौशल्याचा खेळ, सबब कायद्याची मुभा' हे समर्थन तर भारतात आता कालबाह्यच झाले : २०२५ च्या केंद्रीय कायद्याने कौशल्य आणि दैव असा भेद न करता पैसे लावून खेळवले जाणारे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरवले आहेत. शिकायचेच असेल, तर ते खोट्या चिप्सवर शिकावे.