नवजात बाळाची ऊब

थंडीने माणूस दगावतो म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे बर्फाचे डोंगर उभे राहतात. मंडणगडच्या दमट हवेत बाळ गारठेल, ही शंकाही मनाला शिवत नाही. आपली चूक होते ती येथेच.

आईच्या पोटात बाळ सुमारे ३७ अंशांच्या उबेत वाढते आणि जन्मते ओलेचिंब. अंगावरचे पाणी सुकताना ऊब घेऊन जाते. माठातले पाणी गार होते, त्याच न्यायाने. वजनाच्या मानाने बाळाची त्वचा फार, चरबी थोडी. कुडकुडून ऊब आणणेही त्याला साधत नाही. उघडे राहिले तर पहिल्या १०-२० मिनिटांत त्याचे तापमान २ ते ४ अंशांनी उतरू शकते. साडेछत्तीस अंशांखाली बाळ गारठले, असे वैद्यक मानते. मग अंगातील साखर व प्राणवायू ऊब राखण्यातच खर्ची पडतात. बाळ मलूल होते, दूध ओढीत नाही, आणि दुधावाचून अधिकच गारठते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर हा फेरा प्राणघातक ठरतो.

यावर उपाय गावातच आहे, हे गडचिरोलीत दिसून आले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत तेथल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकविली: वजन-तापमान पाहणे, ऊब, स्तनपान, जंतुदोषावर उपचार. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ होते. १९९७-९८ मध्ये ते सुमारे २५ वर आले. सारे श्रेय एकट्या उबेचे नव्हे. पण उबेवाचून बाकीचे उपचार लंगडे पडतात.

तेव्हा आपण काय करावे? बाळ जन्मताच कोरड्या फडक्याने पुसावे, ओले फडके दूर करावे. आईच्या उघड्या छातीवर त्याला ठेवून वरून पांघरूण घालावे, डोक्याला टोपडे बांधावे. तासाभरात दूध पाजावे. पहिली आंघोळ निदान २४ तास लांबवावी. लगेच न्हाऊ घालण्याची आपली जुनी हौस येथे आवरली पाहिजे. तळपाय व पोट हाताने चाचपावे. पाय गार, पोट उबदार, तर लगेच ऊब द्यावी. दोन्ही गार, तर दवाखाना गाठावा. आषाढाच्या पावसात घाट उतरतानाही बाळ दुपट्यात वेगळे धरू नये. आईच्या छातीशीच असावे.

या उबेला पैसा लागत नाही. ती वेळेवर द्यायची, एवढेच आपल्या हाती आहे. आणि ते पुष्कळ आहे.