टॅग वाढवले म्हणून लेख गूगलवर चढत नाही

लेख वेबसाइटवर टाकताना टॅगच्या चौकटीत वीस-पंचवीस शब्द कोंबले की तो गूगलमध्ये वर येतो, हा समज काही केल्या जात नाही. ग्राहक डेव्हलपरला हेच सांगतो, संपादक नवख्या लेखकाला. मग मिसळीच्या पाककृतीला ‘ताज्या बातम्या’ हा टॅगही चिकटतो.

या समजाचं मूळ १९९०च्या दशकात आहे. तेव्हा काही शोधयंत्रं पानाच्या कोडमधला, वाचकाला न दिसणारा ‘मेटा कीवर्ड्स’ टॅग विचारात घेत. त्यात भलतेसलते शब्द भरण्याचा सुकाळ झाला. वेबशोधाच्या क्रमवारीत हा टॅग आपण वापरत नाही, असं गूगलनेच सप्टेंबर २००९मध्ये जाहीर केलं. यूट्यूबची अधिकृत मदतपानंही सांगतात, की व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा फार थोडा. लोक नावाचं स्पेलिंग चुकवत असतील तर टॅगचा उपयोग. याहून स्पष्ट कोणी काय सांगायचं?

वाचकाला दिसणारे टॅग असतात ते साइटच्या आतल्या वाटेसाठी. मिसळ वाचणाऱ्याला आणखी मिसळी सापडाव्यात, एवढंच त्यांचं काम, आणि ते मोलाचं आहे. एकदाच वापरलेल्या टॅगवर क्लिक केलं तर पुन्हा तोच लेख समोर येतो. ‘कोल्हापूर’ आणि ‘कोल्हापुर’ असे दोन टॅग झाले की निम्मे लेख वाचकाला दिसतच नाहीत. म्हणूनच स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर एका प्रश्नाला जास्तीत जास्त पाच टॅग लावता येतात, आणि समानार्थी टॅग एकमेकांना जोडले जातात.

टॅग म्हणजेच वर्गवारी, हेही खरं नाही: वर्डप्रेस या साइट चालवण्याच्या प्रणालीत वर्गाखाली उपवर्ग करता येतात, टॅगना अशी उतरंड नसते.

टॅग साठवतानाही चूक होते. सगळे टॅग स्वल्पविराम देऊन डेटाबेसच्या एकाच रकान्यात ठेवले तर ‘वन’ शोधताना ‘जीवन’ आणि ‘पवनचक्की’ही हाती येतात. लेखांचं टेबल एक, टॅगचं दुसरं हवं, आणि कोणत्या लेखाला कोणता टॅग, याची नोंद तिसऱ्या टेबलात.

मराठी टॅग चालत नाहीत, असंही सांगतात. युनिकोडमुळे ते उत्तम चालतात. अडचण आहे ती वर्डप्रेसच्या स्लगमध्ये, म्हणजे टॅगच्या वेबपत्त्यातल्या नावात. त्याची मर्यादा २०० अक्षरांची, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही वेगळं चिन्ह धरून, तिथे नऊ अक्षरांची जागा खातं. बाविसाव्या चिन्हानंतर नाव तुटतं. लांब टॅगला छोटा स्लग हाताने लिहून द्यावा.