कॅमेरा कोणत्या बाकावर?

नेवार्कहून आईबरोबर लॉस एंजेलिसला आलेला डॅनियल लारुसो आल्या आल्या मार खातो आणि शेवटी कराटेच्या स्पर्धेत त्याच पोरांना लोळवतो. ‘द कराटे किड’ (१९८४) दिग्दर्शित केला जॉन अविल्डसेन यांनी, म्हणजे ‘रॉकी’वाल्यांनीच. शाळा त्यांच्या लेखी दुसरा आखाडाच होता. २०१० मध्ये हीच गोष्ट डेट्रॉइटच्या मुलाला बीजिंगला नेऊन पुन्हा सांगितली गेली आणि तीही चालली. ‘मीन गर्ल्स’ (२००४) त्यापेक्षा तल्लख. आफ्रिकेत घरीच शिकलेली केडी अमेरिकेतल्या शाळेत येते, तेव्हा कोणत्या टेबलावर कोणत्या जमातीने जेवायचे हे तिला रीतसर समजावून सांगावे लागते. पालकांसाठी लिहिलेल्या रोझलिंड वाइजमन यांच्या पुस्तकावरून टीना फे यांनी ही धमाल पटकथा रचली.

या सगळ्या चित्रपटांत कॅमेरा नवख्याच्या शेजारी बसतो. प्रेक्षकाला ते सोयीचे जाते. आपण सगळेच कधीतरी नवखे होतो, हे सांगायला कुणाला लाज वाटत नाही. आधीपासून बाक अडवून बसलेले आपणच होतो, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांनी ते सांगितले, पण त्याला चाळीसहून अधिक वर्षे जावी लागली. (हेच माल आपल्याकडे ‘फँटम इंडिया’ या माहितीपट मालिकेमुळे सरकारच्या रोषाला कारण झाले होते.) १९४४ च्या जानेवारीत ते फोंतेनब्लोजवळच्या आव्हों येथे कार्मेलाइट पाद्र्यांच्या निवासी शाळेत होते, वय अकरा. फ्रान्सवर जर्मनांचा ताबा होता. मुख्याध्यापक पेर जाक यांनी तीन ज्यू मुलांना खोट्या नावांनी शाळेत ठेवून घेतले होते. गेस्टापोने त्यांना शोधून काढले. तिन्ही मुले आउश्वित्झला मारली गेली. पेर जाक छावणीतून जिवंत सुटले, पण युद्ध संपल्यावर काही आठवड्यांतच गेले.

यावरूनच केलेल्या ‘ओ रव्हार लेझ आंफाँ’मध्ये (१९८७, व्हेनिसला सुवर्णसिंह) कॅमेरा नव्या जाँ बोनेचा नाही, जुन्या ज्युलियाँचा आहे. नवा मुलगा पियानो आपल्यापेक्षा चांगला वाजवतो, गणितातही पुढे, म्हणून ज्युलियाँ आधी जळतो. पुढे पुस्तकांवरून मैत्री जुळते. मग जर्मन अधिकारी वर्गात येऊन जाँचे खरे आडनाव घेऊन चौकशी करतो, आणि ज्युलियाँची नजर नकळत मित्राकडे वळते. बस, एवढेच. चुगली केलेली असते स्वयंपाकघरातल्या जोसेफने. काळ्या बाजाराबद्दल त्याला हाकलले गेले, त्याच्याशी व्यवहार करणारी श्रीमंतांची मुले मात्र शाळेतच राहिली. वर्गातल्या पायऱ्या माल यांनी इतक्या स्वच्छ मांडल्या आहेत की गुन्हेगार कोण, याचे उत्तर एका नावावर थांबत नाही.

जपानमध्ये शाळा बदलून आलेले मूल हे कथा-चित्रपटांतले मुरलेले पात्र. नोबुहिको ओबायाशी यांच्या १९८२ च्या चित्रपटाचे नावच ‘तेन्कोसेइ’, म्हणजे असे मूल. नाओको यामादांचा ‘कोए नो काताची’ (२०१६) मात्र ते पात्र दुसऱ्या टोकाने धरतो. नवी आलेली शोको बहिरी आहे, वहीवर लिहून बोलते. तिची श्रवणयंत्रे ओरबाडणारा शोया हाच नायक. प्रकरण अंगाशी आल्यावर सगळा वर्ग त्याच्याकडे बोट दाखवतो आणि पुढे त्यालाच वाळीत टाकतो. ज्यांनी हसून साथ दिली होती, तेही त्यात असतात. शेवटाकडे चित्रपट जरा जास्तच रडतो, पण हा पूर्वार्ध विसरता येत नाही.

आपला ‘किल्ला’ या दोन टोकांच्या मधोमध उभा आहे. अविनाश अरुण यांचे हे पहिले दिग्दर्शन, छायाचित्रणही त्यांचेच. बर्लिनच्या बालज्युरीने २०१४ मध्ये त्याला क्रिस्टल बेअर दिले, पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. वडील गेलेले, आई सरकारी नोकरीत, तिची बदली झाली म्हणून अकरा वर्षांचा चिन्मय पुण्याहून कोकणात येतो. अमृता सुभाष यांची आईही कचेरीत तितकीच नवखी. पोरे सायकलींची शर्यत लावून किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळतो, आणि चिन्मय एकटाच मागे राहतो. डॅनियलसारखा सूड त्याच्या वाट्याला येत नाही. पार्थ भालेरावचा बंड्या वाईट पोरगा नाहीच. त्याच्या डोक्यात तेव्हा दुसरे काहीतरी होते, इतकेच. पुन्हा कुठे गट्टी जमते तोच आईची पुढची बदली. शाळा सोडल्याचे दाखले जमवत वाढलेल्यांना हा शेवट समजावून सांगावा लागत नाही.

तरी ‘किल्ला’तल्या चिन्मयमागे पगार आहे, बदलीचा हुकूम आहे. साधारण दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो आणि बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांबरोबर पोरेही पश्चिम महाराष्ट्रात जातात. कुणाला साखरशाळा मिळते, कुणी फडाजवळच्या गावच्या शाळेत सत्राच्या मधेच जाऊन बसते, तर कुणी बसतच नाही. उन्हाळ्यात पुन्हा गावी. म्हणजे दर वर्षी दोनदा नवखे. त्यांच्यावरचा चित्रपट कुणी करायचा ठरवला, तर माझी एक सूचना आहे: कॅमेरा त्या पोरांजवळ नको, फडाजवळच्या गावातल्या पहिल्या बाकावरच्या मुलाजवळ ठेवा. त्याच्या बापाचाच ऊस त्या पोरांची आई तोडत असते.